संकटातल्या माणसाला सुवार्ता सांगावी का, आणि सांगायची तर कशी

आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणाची नोकरी गेली, कुणाचा रिपोर्ट वाईट आला, कुणाच्या घरी काही घडलं की पाच मिनिटांत बायबलमधलं यिर्मया २९:११ येऊन पडतं. मागे सूर्योदय, कोपऱ्यात गुलाब, आणि मध्ये वचन, की देवाचे तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. वचन सुंदर आहे, माझ्या आईच्या बायबलमध्ये त्याखाली लाल पेन्सिलची रेघ आहे, त्यामुळे वचनाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार पाठवणाऱ्यांबद्दल आहे, कारण त्यातल्या फार थोड्यांनी त्याच्या वरची ओळ वाचलेली असते. वरच्या ओळीत सत्तर वर्षं लिहिलीयत. यिर्मयाने हे पत्र बाबेलात धरून नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलं, आणि साधा हिशोब केला तरी कळतं की ज्या मोठ्या माणसांच्या हातात ते पत्र पडलं त्यातली बहुतेक यरुशलेम परत न बघताच मरणार होती. आणि त्याच्याच आदल्या अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा आहे, तो भर मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळं ठीक होईल, यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू घेऊन मोडूनही टाकतो, लोकांना नक्कीच आवडलं असणार. तो खोटा ठरला.

यिर्मयाने त्या लोकांना काय करायला सांगितलं? घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, मुलाबाळांची लग्नं लावून द्या, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे इथेच राहायचंय, बराच काळ राहायचंय, आणि नीट राहायचंय.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे पुण्यात गेली काही वर्षं एकामागून एक काहीतरी चालूच आहे. कोरोना झाला, २०२४ च्या जुलैमध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत लोकांच्या घरात रात्रीतून पाणी शिरलं, २०२५ च्या जानेवारीत त्याच बाजूला किरकटवाडी, नांदेड गाव, धायरीकडे जीबीएसचे, म्हणजे गिलेन-बारे नावाच्या नसांच्या आजाराचे, पेशंट निघाले, चांगली धडधाकट माणसं हातपाय लुळे पडून व्हेंटिलेटरवर गेली. हिंजवडीत नोकऱ्या जातायत, पेठांमधल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची मुलं तिशी उलटली तरी बसलेली दिसतात. अशा वेळी आम्ही ख्रिस्ती लोक आशा म्हणून जे काही वाटतो ते बऱ्याचदा हनन्याचं असतं, यिर्मयाचं नसतं, हे माझं पहिलं म्हणणं. आणि दुसरं असं की आजकाल भीतीने अगदीच तोंड मिटून बसायची जी पद्धत पडत चाललीय तीही मला मान्य नाही.

आधी हनन्याचं बघू. उपनगरांत आता ठिकठिकाणी बॅनर दिसतात, चंगाई सभा (म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याची सभा), चमत्काराची रात्र, येताना आजाऱ्यांना घेऊन या. मी प्रार्थनेच्या विरोधात नाही हो, आजाऱ्यासाठी प्रार्थना करा असं याकोबाच्या पत्रात लिहिलंय आणि आम्ही ती करतो. पण माझ्या नात्यातल्या एका मावशींना एका पाहुण्या प्रचारकाने स्टेजवर उभं करून विचारलं की विश्वास आहे ना, मग इन्सुलिन कशाला, आणि त्या माऊलीने खरंच बंद केलं. पुढे आयसीयू, पायाची जखम, दोन बोटं गेली. त्या प्रचारकाला हे कधी कळलंसुद्धा नाही, त्याची पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावाला सभा होती. आणि सगळ्यात वाईट काय, तर मावशी अजून म्हणतात की माझाच विश्वास कमी पडला. म्हणजे बोटंही गेली आणि वर अपराधी भावनाही पदरात पडली.

ज्या पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुलावर गोळ्या घातल्या त्या पुण्यात राहून आपण हे डोळ्यांआड करतो याची मला लाज वाटते. त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला, तो सगळ्या धर्मांच्या बुवांना सारखाच लागू आहे, तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणं, पैसे काढणं त्यात गुन्हा आहे. आमच्यातल्या काहींना हा कायदा म्हणजे नास्तिकांचं काम वाटतं. मला वाटतं प्रत्येक मंडळीने तो छापून सूचना फलकावर लावावा. औषध सोडायला सांगणारा माणूस पुलपिटवर चढता कामा नये, मग तो आत्म्याच्या भरात कितीही अन्य भाषांत बोलू दे.

असले चमत्कारवाले निदान ओळखू तरी येतात. आपल्यासारखे साधे, रविवारी उपासनेला जाणारे, सांत्वन सभेला पांढरे कपडे घालून बसणारे लोक जे बोलतात ते जास्त आत जाऊन लागतं. देवाला चांगली माणसं लवकर लागतात. देव सोसवेल तेवढंच देतो. यातही देवाची काहीतरी योजना असेल. तरुण मुलगा गेलेल्या बाईला हे ऐकवायचं म्हणजे काय? सगळं गमावून बसलेल्या ईयोबाच्या मित्रांची गोष्ट आपण संडे स्कूलमध्ये शिकवतो पण त्यातलं मर्म सोडून देतो. ते तिघे आले, सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले आणि एक शब्दही बोलले नाहीत, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसलं. त्या अख्ख्या पुस्तकात त्यांनी केलेलं चांगलं काम तेवढंच. मग त्यांनी तोंड उघडलं आणि देवाची बाजू मांडायला लागले, आणि शेवटी देवच त्यांच्यावर चिडला की माझ्याविषयी तुम्ही योग्य ते बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. म्हणजे जो तक्रार करत होता, जन्माला का आलो म्हणत होता, तो योग्य बोलला!

आमच्या गाण्यांतून तर आता तक्रार हद्दपारच झालीय. कीबोर्ड, ड्रम, विजय, विजय, विजय. स्तोत्रांमध्ये विलापाची स्तोत्रं ढीगभर आहेत, ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी कुठला ‘तरीपण’ नाही, आणि ते कोणी काढून टाकलेलं नाही, पवित्रशास्त्रात तसंच ठेवलंय. येशू आपल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरीपाशी रडला, पुढच्या काही मिनिटांत आपण त्याला उठवणार हे ठाऊक असूनही रडला. ज्या उपासनेत रडायला जागा नाही तिथे खचलेला माणूस आला तर तो मागच्या बाकावर बसतो आणि आशीर्वचनाच्या आधी निघून जातो, मी पाहिलेत असे लोक, तुम्हीही पाहिले असतील.

आता दुसरी बाजू. माझा एक भाचा आहे, आयटीत, हुशार, तो म्हणतो मामी हा विषयच बंद करा, मदत करायची असेल तर करा पण येशूचं नावही काढू नका, अडचणीतल्या माणसाशी धर्म बोलणं म्हणजे त्याच्या लाचारीचा फायदा घेणं. त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही, त्यात दम आहे. भुकेल्याला भाकरी देताना दुसऱ्या हातात फॉर्म धरला तर ती भाकरी राहत नाही, ते लालूच होतं. पण तो जिथे जाऊन थांबतो तिथे मी थांबत नाही, का ते सांगते.

आमच्या मंडळीत एक आजी आहेत, सगळे त्यांना नगरच्या मावशी म्हणतात, मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, आयुष्यभर नर्सिंग केलं, आता रिटायर. जीबीएसच्या वेळी त्यांच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंचा मुलगा व्हेंटिलेटरवर होता. घर वारकरी, दाराला पांडुरंगाचा फोटो, दरवर्षी पालखीला पाणी वाटणारं. मावशींनी काय केलं, तर सकाळी डबा घेऊन जायच्या, त्यातही त्या बाईंना एकादशी असेल तर साबुदाणा, भगर, हे लक्षात ठेवून. आयसीयूबाहेरच्या त्या जागेत लोक वर्तमानपत्रं अंथरून झोपतात, एका प्लगवर पाच जणांचे चार्जर असतात, नाव पुकारलं की सगळे एकदम उठून उभे राहतात, तिथे मावशी त्यांची पिशवी सांभाळत बसायच्या, म्हणजे ती बाई निदान आंघोळीला घरी जाऊ शकायची. महापालिकेच्या शहरी गरीब योजनेच्या कागदांसाठी धावपळ केली. डॉक्टर काय बोलून गेले ते साध्या मराठीत समजावून सांगायच्या, की बाळाच्या नसांवरचं आवरण खराब झालंय, शरीरच शरीरावर उलटलंय, पण बरेच जण यातून हळूहळू उठतात, वेळ लागतो. बायबल पिशवीत असायचं, बाहेर काढलं नाही.

एके दिवशी त्या बाईंनीच विचारलं, मावशी तुम्ही आमच्या नात्यातल्या ना गोत्यातल्या, तुम्ही हे का करताय? मग मावशी बोलल्या. त्यांचा स्वतःचा मुलगा विशीत गेला, बाईकवरून. त्या म्हणाल्या, का गेला याचं उत्तर मला अजून मिळालं नाही, मी देवाला रोज विचारते, पण ज्याचा मुलगा मेला तो देव मला कळतो आणि त्याला मी कळते, म्हणून मी उभी आहे. एवढंच. मग विचारलं, तुमच्या बाळासाठी प्रार्थना करू का, चालेल ना तुम्हाला? त्या बाई म्हणाल्या करा, आणि स्वतः विठ्ठलाचं नाव घेत हात जोडून बसल्या. मुलगा पुढे घरी आला, वॉकर घेऊन चालायचा, फिजिओथेरपी बरेच महिने चालली, त्याला चमत्कार म्हणायचा का औषध आणि नर्सांची मेहनत, मावशींना विचारलं तर त्या म्हणतात तुला काय करायचंय. ते कुटुंब आजही वारकरीच आहे.

आता भाच्याला माझा प्रश्न असा की त्या बाईंनी विचारल्यावर मावशींनी काय सांगायला हवं होतं? काही नाही हो, सहज? ते खोटं झालं असतं. ज्या गोष्टीच्या जोरावर आपण उभे आहोत ती विचारणाऱ्यापासून लपवणं हीही एक फसवणूकच आहे, फक्त सभ्य दिसते. पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात हेच आहे, तुमच्यात जी आशा आहे तिच्याविषयी कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यपणे आणि आदराने. पेत्र ज्यांना लिहितोय ते स्वतः छळ सोसणारे, विखुरलेले, मूठभर लोक होते, त्यांना तो लाउडस्पीकर लावा म्हणत नाही. कोणीतरी विचारावं असं जगा, आणि विचारलं तर गप्प बसू नका, माझ्या मते एवढ्या वाक्यात आख्खा वाद मिटतो, पण वाद मिटवायचाय कुणाला.

कारण हा वाद पुण्याला नवीन नाहीच. १८९० मध्ये इथल्या पंचहौद ख्रिस्ती मिशनमध्ये चहा-बिस्किटं घेतल्यावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासकट बड्या बड्या मंडळींवर ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचं प्रकरण, झालं, प्रायश्चित्तापर्यंत गेलं. चहावरून! त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचं शारदा सदन मुंबईहून पुण्याला आलं. विधवा मुलींसाठी शाळा, धर्म शिकवायचा नाही अशी बोली. तीनच वर्षांत, १८९३ मध्ये, गहजब झाला की इथे मुलींना बाटवतात, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. मुद्दा कशावरून होता, तर रमाबाई आपल्या लेकीबरोबर स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या तेव्हा दार उघडं असायचं आणि वाटलं तर मुली येऊन बसायच्या. रमाबाईंचं म्हणणं असं की मुलींना आपापला धर्म पाळायची मोकळीक आहे, तशी मलाही आहे, मी दार का लावून घेऊ?

मला स्वतःला वाटतं की त्या वादात दोन्हीकडची माणसं काही अगदीच खोटी नव्हती. लहान वयाच्या, घरातून टाकलेल्या, सगळ्या बाजूंनी अवलंबून असलेल्या मुली, त्यांच्यापुढे त्यांना जेवू घालणाऱ्या बाईंचा धर्म, याचं वजन पडतंच, ते पडत नाही असं म्हणणं भाबडेपणा आहे, आणि पुढच्या काळात रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये उघडपणे ख्रिस्ती शिक्षण दिलं गेलं हेही आहे. पण दुसरीकडे हेही बघा की १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन, रस्त्याकडेला पडलेल्या, दलालांच्या हाती जाणाऱ्या मुली उचलून केडगावला कोणी आणल्या? रमाबाईंचे स्वतःचे आईवडील दुष्काळाच्या हालअपेष्टांत गेले होते, भूक म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. पुण्यात प्लेग आला, सरकारी इस्पितळातल्या मुलींच्या हालांबद्दल त्यांनी त्या वेळच्या इंग्रज सरकारला जाहीर सुनावलं, धर्म एक आहे म्हणून गप्प बसल्या नाहीत. हे आम्हाला विसरून चालत नाही. पुढे सगळं आयुष्य काम करता करता मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं, १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, १९२२ मध्ये स्वतः गेल्या. त्यांची आशा काही सुखात वाढलेली नव्हती.

आणि रेव्हरंड टिळक, म्हणजे ना. वा. टिळक. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंपासून ताटातूट झाली, केवढा मनस्ताप दोघांना, पण सुवार्ता सांगितली ती अभंगांतून, कीर्तनांतून, आपल्या मातीच्या चालीत. शेवटी शेवटी, १९१७ मध्ये, त्यांनी देवाचा दरबार काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. आज एखाद्या पाळकाने असं काही काढलं तर दोन्हीकडून मार खाईल, आतूनही आणि बाहेरूनही.

कायद्याचं थोडक्यात बोलते, वकील नाही मी. घटनेचं कलम २५ धर्म मानायला, पाळायला आणि त्याचा प्रसार करायला मोकळीक देतं. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की प्रसार म्हणजे आपली तत्त्वं दुसऱ्याला सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. आमच्यातल्या बऱ्याच जणांना हा निकाल खटकतो, आणि कायदेपंडितांनीही त्यावर टीका केलीय. मला विश्वासणारी म्हणून फारसा खटकत नाही, कारण मन बदलणं हे माझं काम नाहीच असं माझाच धर्म सांगतो, मी सांगू शकते, बास. खटकतं ते वेगळंच. काही राज्यांच्या कायद्यांत प्रलोभनाची व्याख्या एवढी सैल आहे की भेटवस्तूही त्यात बसते, मग मावशींचा डबा कुठे बसवायचा? प्रत्येक डब्यामागे डाव बघायची सवय लागली तर उद्या शेजाऱ्याच्या दवाखान्यात बसायलाही माणूस घाबरेल, ख्रिस्तीच नाही, कुठलाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आम्ही जेमतेम एक टक्का, ०.९६. आमची भीती वाटावी असं आमच्यात काही नाही, खरं तर आम्हीच घाबरलेलो असतो. आणि लालूच देऊन लोक आणले जातात म्हणणाऱ्यांनी एवढंही बघावं की १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीच्या सवलती जातात. नगरकडच्या कितीतरी घरांनी हे पिढ्यान्‌पिढ्या सोसलंय, त्यात फायदा कसला आलाय.

पण ही सगळी ओरड बाहेरच्यांवर ढकलून मला मोकळं व्हायचं नाहीये. आपल्याकडून काही गोष्टी पाळल्या गेल्या तर निम्मे आरोप आपोआप गळून पडतील. हॉस्पिटलात, पूरग्रस्तांत, मयताच्या घरी जाताना पत्रकं न्यायची नाहीत. मदत घेणाऱ्याचा फोटो काढायचा नाही, ग्रुपवर टाकायचा तर नाहीच नाही, हे तर सगळ्याच संस्थांना सांगायला हवं. प्रार्थना करायची तर आधी विचारायचं, आणि नको म्हटलं तर डबा दुसऱ्या दिवशीही गेला पाहिजे, याच्यातच खरी परीक्षा आहे. आजारी माणसाच्या नावाने साक्ष द्यायची तर त्याला विचारून, आणि औषध घेतलं असेल तर तेही सांगून. आणि तो बरा झाला नाही, गेला, तर त्याच्या घरी चाळिसाव्या दिवसानंतरही जायचं, तेव्हाच खरं कुणी येत नसतं.

यावर नेहमीचा आक्षेप येतो की अशाने मंडळी वाढणार कशी? मला वाटतं, कोरोनात आपण याचं उत्तर अनुभवलंय. १२ एप्रिल २०२० चा ईस्टर घराघरांत मोबाईलवर झाला, चर्चला कुलूप, दानपेटी नाही, हजेरी नाही, वाढ मोजायला काहीच नाही. तरी त्या दिवसांत आमच्या तरुण संघाची पोरं औषधं पोचवत होती, दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन सिलिंडरसाठी रात्री रात्री फोन लावत होती, दफनाला घरचे चार जणही येऊ शकत नव्हते तिथे किट घालून उभी राहत होती. त्यातल्या दोघातिघांनी मला नंतर सांगितलं की आमचा विश्वास त्या उन्हाळ्यात बसला, आधी नुसता वारसा होता. रोमकरांच्या पत्रात संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा असा क्रम दिलाय, तो मी पाठ केला होता लहानपणी, बक्षीसही मिळालेलं, पण घडताना पहिल्यांदा पाहिला तो त्या पोरांमध्ये.

आमच्या पास्टोरेट कमिटीपुढे, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीपुढे, मी दोन विषय दिलेत. एक म्हणजे दर महिन्याला रिटायर्ड नर्सेस आणि एखादा समुपदेशक बोलावून सांत्वनाला जाणाऱ्यांना शिकवणं, काय बोलायचं यापेक्षा काय बोलायचं नाही हे जास्त. हा मंजूर झालाय, नगरच्या मावशी पहिला वर्ग घेणार आहेत, त्यांची अट एकच, माइक नको. दुसरा विषय म्हणजे चंगाई सभेसाठी बाहेरच्या प्रचारकाला आपला हॉल द्यायचा नाही, निदान औषधं बंद करायला सांगणार नाही असं लेखी घेतल्याशिवाय नाही. त्यावर बरीच आदळआपट झाली, एक ज्येष्ठ म्हणाले तुमचा पवित्र आत्म्यावर विश्वास नाही, मी म्हटलं इन्सुलिनही त्यानेच सुचवलं असेल कुणाला तरी. विषय पुढच्या मीटिंगवर ढकललाय. पाळकसाहेब मनातून माझ्या बाजूने आहेत असं वाटतं पण हॉलच्या भाड्यावर चर्चच्या छपराची दुरुस्ती अडलीय, आणि पावसाळा तोंडावर आलाय, त्यामुळे ते काय करतील सांगता येत नाही.